जागा मिळाली, पुढे काय?

(मंडळाच्या बेळगाव येथील वार्षिक गुणगौरव समारंभात एका निवृत्त गणित-प्राध्यापकांनी केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून ते येथे देत आहोत. – संपादक)



सर्व गुणवंतांचे प्रथम मनापासून अभिनंदन. शाल, श्रीफळ आणि टाळ्या त्यांनी कष्टाने मिळवल्या आहेत. या व्यासपीठावर मी यापूर्वीही अनेकदा बसलो आहे. दर वर्षी यादी वाचली जाते, फोटो निघतात, चहा होतो आणि आपण समाधानाने घरी जातो. आज मात्र मला त्या यादीत कधीच न आलेल्या एका मुलाविषयी बोलायचे आहे. अध्यक्षांनी मोकळेपणाने बोलायला सांगितले आहे, म्हणून हे धाडस.

गोष्ट १९८७ सालची. तेव्हा आपल्याकडची कॉलेजे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. माझ्या बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गात खानापूर तालुक्यातल्या, जंगलाकडच्या एका खेड्यातला मुलगा आला. दहावीला गावच्या मराठी शाळेत पहिला आलेला. पुढे पीयूसीची दोन वर्षे इंग्रजीतून त्याने पाठांतराच्या जोरावर काढली होती. सहामाहीत तो गणितात नापास झाला. मी त्याला बोलावून सांगितले, "अभ्यास वाढव. पोरांत बसून वेळ घालवू नकोस. खोलीत एकटा बस आणि गणिते सोडव."

त्याने माझे अक्षरशः ऐकले. त्याच्या खोलीतला दिवा रात्री दोनपर्यंत जळत असतो, असे घरमालक सांगत. वार्षिक परीक्षेत तो पुन्हा नापास झाला. निरोप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "सर, मला जमेना झालंय. माझ्यातच कायतरी कमी हाय." त्यानंतर तो उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला लागला. फौंड्रीतले काम कमी दर्जाचे आहे असे मी म्हणत नाही. हजारो घरे त्यावर चालतात. पण आपल्याला डोके नाही, अशी खूणगाठ बांधून तो पोरगा गेला आणि ती गाठ मारायला माझाही हात लागला होता, हे मला फार उशिरा कळले.

ते कसे कळले ते सांगतो. १९९२ साली अमेरिकेतल्या कॉलेज-गणिताच्या एका नियतकालिकात युरी ट्राइसमन या गणित-शिक्षकाचा लेख आला. काही काळाने तो माझ्या हाती पडला. १९७०च्या दशकात ट्राइसमन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत शिकवत होते. तिथल्या पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत. ही मुले काही ऐरीगैरी नव्हती. आपापल्या शाळांतली निवडक मुले होती. कारण विचारले की प्राध्यापक मंडळी सांगत, मुलांत जिद्द नाही, पाया कच्चा, घरी शिक्षणाचे वातावरण नाही, गरिबी आहे. ही उत्तरे आपल्या स्टाफरूममध्येही ऐकू येतात. मीही ती दिली आहेत.

ट्राइसमन यांनी ती उत्तरे तपासायचे ठरवले. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडून सुमारे दीड वर्ष त्यांच्या अभ्यासावर लक्ष ठेवले. ही मुले कुठे बसतात, किती वेळ बसतात, अडले की काय करतात, हे प्रत्यक्ष पाहिले. तेव्हा प्राध्यापकांची कारणे टिकली नाहीत. घरच्यांना मुलांच्या शिक्षणाची मनापासून आच होती आणि मुलेही कष्टाळू होती. फरक वेगळ्याच ठिकाणी निघाला. कृष्णवर्णीय मुले सांगितल्याप्रमाणे आठवड्याला आठ तास अभ्यास करत, पण एकेकटी. चिनी मुलांचा अभ्यास आठवड्याला चौदा तासांच्या घरात जाई आणि त्यातले चार-सहा तास ती एकत्र बसत. एकमेकांची उत्तरे ताडून पाहत, एकमेकांचे इंग्रजीही सुधारत. एखादे गणित कुणालाच सुटले नाही तर ते गणितच अवघड आहे, असे त्यांना समजे. एकट्या बसलेल्या मुलाला मात्र वाटे, आपणच कमी आहोत.

बंधू-भगिनींनो, हे वाचले आणि मला खानापूरचा तो मुलगा आठवला. त्याला एकटे बसायला मीच सांगितले होते.

यावर ट्राइसमन यांनी काढलेला उपाय तितकाच विचार करण्यासारखा आहे. त्यांनी कच्च्या मुलांसाठी जादा तास घेतले नाहीत. १९७८च्या सुमारास नेहमीच्या वर्गाला जोडून गणिताची कार्यशाळा सुरू केली आणि ती हुशार, होतकरू मुलांसाठी असल्याचे जाहीर केले. गणिते वर्गातल्यापेक्षा अवघड ठेवली. लहान गटांत बसायचे, आधी स्वतः प्रयत्न करायचा, मग बोलायचे. शिक्षकाने उत्तर सांगायचे नाही, फक्त गटांतून फिरत राहायचे. परिणाम असा झाला की कार्यशाळेतली कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाची मुले आपल्या गोऱ्या आणि आशियाई वर्गमित्रांच्याही पुढे गेली. पुढे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी ही पद्धत उचलली.

कुणी म्हणेल, अमेरिकेतली गोष्ट आम्हाला कशाला? पण तिचे मूळ तत्त्व आपल्या घरातलेच आहे. मुलगा गरीब असेल तर संस्थेने आपली घडी बदलायची, हे कर्मवीर भाऊराव पाटलांनी करून दाखवले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९४० साली साताऱ्यात 'कमवा आणि शिका' या तत्त्वावरचे हायस्कूल निघाले, त्याला त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीरावांचे नाव दिले. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी लवकर भरवले. मुलाला वेळ नसेल तर वेळापत्रक बदला, इतका साधा विचार. आपण त्यांच्या जयंत्या करतो, पण वेळापत्रक बदलायला तयार नसतो.

लेख वाचल्यावर मी माझ्या घरी प्रयोग केला. आधी चूक केली. 'कच्च्या विद्यार्थ्यांसाठी जादा तास' अशी पाटी लावली. पहिल्या रविवारी सहाजण आले, दुसऱ्या रविवारी एकही नाही. कपाळावर 'ढ' लिहून घ्यायला कोण येईल? मग नाव बदलून 'अवघड गणितांची बैठक' केले. तेव्हा मुले आली आणि येत राहिली.

एक प्रसंग सांगतो. भांड्यात पाणी ठरावीक वेगाने पडते आहे, तर पातळी कोणत्या वेगाने चढेल, असे इंग्रजी गणित होते. इंग्रजी शाळेतून आलेल्यांना सूत्र पाठ होते, पण मांडणी जमेना. मराठी शाळेतल्या एका मुलाला 'रेट' म्हणजे बाजारातला दर एवढेच माहीत होते. त्याला शेजाऱ्याने मराठीत प्रश्न समजावला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "म्हणजे घागरीसारखं. नळाची धार तीच, पण गळ्याशी आलं की पाणी भराभर चढतं." अख्ख्या कलनशास्त्राचा गाभा त्याने एका वाक्यात सांगितला. वर्गात इंग्रजीत विचारले असते तर तो तोंड उघडणार नव्हता आणि मी त्याला शून्य दिले असते.

त्या बैठकीला आलेले सगळे पास झाले असे मी सांगणार नाही. दोघांनी कॉलेज सोडले. एकाचे वडील अंथरुणाला खिळले, दुसऱ्याला घरासाठी नोकरी धरावी लागली. पण आपल्याला डोके नाही, असे म्हणून कुणी गेले नाही.

आता मंडळाविषयी. आपण सीमाभागातली माणसे. १९५६पासून आपली भाषा आणि आपले हक्क यांसाठी लढत आलो. ८६५ गावांचा प्रश्न २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत जागा राखून मिळाल्या, त्यामागेही हीच चळवळ आहे. या कामाचा मला आदर आहे. पण जागा मिळवून दिल्यावर त्या मुलाचे पुढे काय होते, हे आपण कधी विचारले? पहिल्या वर्षी किती मुले अडली, किती परत आली, याची एक वही तरी मंडळाकडे आहे का? विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८पासून आपल्याच गावात आहे. विद्यापीठ दाराशी आले म्हणून आपली मुले आपोआप आत पोहोचत नाहीत. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीतूनही अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. चांगली गोष्ट आहे. पण आज इंग्रजी वर्गात बसलेल्या मुलाने तोवर किती वाट पाहायची?

एक कडू गोष्टही बोलतो, राग मानू नका. आपल्यासारख्या जुन्या घरांतली नातवंडे आता बहुतेक इंग्रजी शाळेत जातात, माझीही जातात. मराठी शाळांचे बाक खेड्यातली आणि कामगारांची मुले भरतात. मराठीचा झेंडा आपण उचलतो, पण मराठीतून शिकण्याची किंमत ती मुले मोजतात. हे त्यांचे आपल्यावर ऋण आहे.

ते फेडायला फार पैसे लागणार नाहीत. मंडळाची वरची खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडी ठेवा. पहिल्या वर्षाची मुले चार-पाचच्या गटात बसवा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची दोन मुले मदतीला घ्या, त्यांना मानधन द्या. इथे बसलेले निवृत्त शिक्षक आणि इंजिनिअर आळीपाळीने येतील. प्रश्न इंग्रजीतला असू दे, चर्चा मराठीत होऊ दे, उत्तर पुन्हा इंग्रजीत लिहू दे. आणि खोलीच्या दारावर 'कच्चे' हा शब्द चुकूनही लिहू नका.

माझ्या बैठकीला बैलहोंगलकडचा, कानडी शाळेतून आलेला एक मुलगाही येत असे. इंग्रजीपुढे तोही आमच्या पोरांइतकाच बावरलेला. मंडळाच्या खोलीतही अशा मुलाला बसू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपली हक्काची लढाई सरकारशी आहे. बाकावर शेजारी बसलेल्या पोराशी नाही.

पालकांनाही एक विनंती. मुलगा मित्रांकडे अभ्यासाला जातो म्हणाला तर त्याला लगेच अडवू नका. मुलगी मागत असेल तर तिच्या मैत्रिणींना आपल्या घरी बसायला जागा द्या.

पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर दहावी-बारावीच्या यादीनंतर आणखी एक यादी वाचली जावी. मराठी शाळेतून येऊन कॉलेजचे पहिले वर्ष पार केलेल्या मुलांची. टक्के किती पडले ते वाचू नका, फक्त नावे वाचा. वरच्या खोलीची किल्ली उद्यापासून कुणी सांभाळायची, एवढे आज घरी जाण्यापूर्वी ठरवूया. पहिल्या दोन संध्याकाळी मी येतो.