पत्ता : जिनिव्हा कॅम्प

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

निर्वासितांची छावणी म्हटलं की आपल्याला कल्याण कॅम्प आठवतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथल्या लष्करी बराकींत उतरली. हाल त्यांचेही झाले, पण १९५० साली राज्यघटनेनंच त्यांना नागरिक मानलं, आणि त्या छावणीचं उल्हासनगर झालं. त्याच फाळणीतल्या काही छावण्यांचं मात्र अजून गाव झालेलं नाही. त्या बांगलादेशात आहेत.

१९४७ च्या सुमारास बिहार आणि आसपासच्या भागांतून लाखो उर्दूभाषक मुसलमान पूर्व पाकिस्तानात गेले. पुष्कळांना रेल्वेत काम मिळालं. सैदपूरच्या रेल्वे कारखान्याभोवती त्यांची मोठी वस्ती झाली. १९७१ च्या युद्धात त्यांतल्या अनेकांनी पाकिस्तानची बाजू घेतली. काही जण अत्याचारांत सामील होते, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्याही कत्तली झाल्या. घरं, नोकऱ्या गेल्या, आणि रेडक्रॉसनं उभारलेल्या छावण्या तेवढ्या उरल्या. ढाक्यातल्या मोहम्मदपूर भागातली सर्वांत मोठी छावणी म्हणजे जिनिव्हा कॅम्प. रेडक्रॉसची कचेरी जिनिव्हाला, म्हणून हे नाव!

ही माणसं स्वतःला पाकिस्तानी समजत होती. पाकिस्ताननं १९७३ च्या दिल्ली करारानंतर सुमारे पावणेदोन लाख लोक नेले. बाकीचे वाट पाहत राहिले. १९९३ साली आणखी ३२५ जण गेले. पुढे काही नाही.

अखेर छावणीत जन्मलेली पिढीच न्यायालयात गेली. आम्ही इथलेच, असं तिचं म्हणणं. ढाक्याच्या उच्च न्यायालयानं २००३ साली दहा जणांच्या बाजूनं निकाल दिला, तर मे २००८ मध्ये सर्वांसाठी : १९७१ साली अज्ञान असलेले आणि त्यानंतर जन्मलेले बांगलादेशाचे नागरिक आहेत. त्यांची नावं मतदार यादीत आली.

म्हणजे प्रश्न मिटला? कागदावर मिटला. सुमारे तीन लाख माणसं अजून शंभराहून अधिक छावण्यांत राहतात. आठ-दहा फुटांच्या खोलीत अख्खं कुटुंब, संडासापुढे रांग. जरीकाम, बनारसी साड्यांचं विणकाम, केशकर्तन यांवर पोट. पासपोर्टच्या अर्जावर छावणीचा पत्ता दिसला की अर्ज अडतो, ही तक्रार जुनी आहे. नोकरीसाठी मुलं बाहेरच्या ओळखीच्या माणसाचा पत्ता लिहितात. मताला चालणारा पत्ता पासपोर्टला का चालू नये?

“त्यांनी पाकिस्तानची साथ दिली, भोगू देत,” असं मला काही जण ऐकवतात. ज्यानं गुन्हा केला त्याच्यावर खटला चालवावा. पण १९७१ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज साठी ओलांडून गेला आहे. त्याच्या नातवंडांचा यात काय संबंध?

माझं मागणं मोठं नाही. छावणीचा पत्ता सरकारी कचेरीत इतर पत्त्यांसारखाच मानावा, आणि दुसरी जागा दिल्याशिवाय कुणाची खोली पाडू नये.