मूठभर धान्य आणि मागची ओवरी

(जीर्णोद्धार समारंभानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



शिखरावर कलश चढला, सभामंडपाची फरशी बसली, आणि अध्यक्षांनी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी तालुका कचेरीतला कारकून, शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. कीर्तन-प्रवचनाचा माझा अधिकार नाही. तेव्हा रोज टेबलावर जे पाहतो त्याविषयीच बोलतो. शाळेबाहेर राहणारी किंवा शाळेत जाऊनही मागे पडणारी जी गोरगरिबांची मुले आहेत, त्यांच्यासाठी समाजाने पूर्वी काय केले व आपल्याला काय करता येईल, एवढाच माझा विषय.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली, हे आपण सर्व जाणता. १९२४ साली त्यांनी साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंगतीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. नाव मोठे झाले, पण रोजच्या भाकरीचे काय? कर्मवीरांनी घरोघरच्या बायकांना सांगितले, रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढून ठेवा. हाच मुष्टिफंड. धान्य कमी पडले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. त्या माउलीपुढे हात जोडावेत. परंतु माझे मन त्या मुठीपाशी जास्त रेंगाळते. मंगळसूत्र मोडणारी एखादीच निघते. मूठ ज्याच्या घरी चूल पेटते त्या कोणालाही काढता येते, मात्र ती रोज काढावी लागते.

पुण्यात गरीब विद्यार्थ्यांनी वार लावून जेवण्याची चाल होती. सात दिवस सात घरी जेवायचे आणि शिकायचे. चाल चांगलीच होती, पण तिचा लाभ आपल्यासारख्यांच्या घरच्या मुलांना फारसा झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्यासाठी जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी व कामकरी लोकांसाठी काढलेली रात्रीची शाळा अधिक जवळची.

आता आपल्या गावाकडे येऊ. हॅरिस पूल ओलांडला की पुणे, आणि मागे पिंपरी-चिंचवडपर्यंत कारखान्यांची रांग. एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आपल्याच शिवारात. शेताच्या बांधांच्या जागी चाळी आल्या, चाळींमागे वस्त्या आल्या. २०२३ साली मेट्रोही आली. ज्यांच्या हातांनी हे उभे राहिले त्यांत मराठवाडा, सोलापूर, कर्नाटक, उत्तरेकडील बिगारी व गवंडी पुष्कळ. इमारत पुरी झाली की त्यांचे बिऱ्हाड हलते आणि पोराची शाळा सुटते. अशा मुलांसाठी पुणे परिसरात 'डोअर स्टेप स्कूल' ही संस्था १९९३ पासून काम करीत आहे. रजनी परांजपे व बीना लष्करी यांनी ती आधी मुंबईत सुरू केली. बांधकामाच्या जागीच वर्ग भरवायचा, एवढेच नव्हे तर बसगाडीत फळा लावून शाळाच मुलांच्या दारात न्यायची, अशी त्यांची रीत. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर आपण चार पावले जावे, हे त्यांनी करून दाखविले.

कायद्याने पाहिले तर हक्क पक्का आहे. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जन्माचा दाखला नाही म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. दहा वर्षांचे मूल कधी शाळेत गेले नसेल तरी त्याला पहिलीत नव्हे, त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावयाचे. हे आई-बापांना ठाऊक नसते. कोणीतरी 'कागद आणा' म्हणते आणि ती माणसे निमूट परत जातात.

जातीच्या दाखल्याचे तर विचारूच नका. अनुसूचित जातीला १९५० चा, विमुक्त-भटक्यांना १९६१ चा, इतर मागासवर्गीयांना १९६७ चा वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि दाखला मिळतो तो त्या वेळी कुटुंब जेथे राहत होते तेथून. म्हणजे नांदेडकडचा बिगारी दापोडीत वीस वर्षे राहिला तरी त्याला प्रांतांची कचेरी गाठायला गावीच जावे लागते. चार दिवसांची मजुरी बुडते, गाडीभाडे वेगळे. पुष्कळजण तो नाद सोडतात, आणि मुलीची शिष्यवृत्ती तेथेच राहते. नियम मी बदलू शकत नाही. पण कोणता कागद कोठून आणायचा हे आधीच नीट सांगितले, तर एक हेलपाटा वाचतो. माझ्या अनुभवाने सांगतो, निम्मे हेलपाटे अपुऱ्या माहितीचे असतात.

म्हणून समितीपुढे माझी विनंती आहे. देवळाच्या मागच्या ओवरीत संध्याकाळी सात ते नऊ मुलांना अभ्यासाला बसू द्यावे. दोन ट्यूबलाइट, एक पंखा, चार सतरंज्या, एक फळा, एवढ्यावर भागेल. कॉलेजात जाणारी आपली मुले-मुली आणि सेवानिवृत्त गुरुजी यांनी आठवड्यातून एकेक वार वाटून घ्यावा. जेवणाचा नव्हे, शिकविण्याचा वार!

यावर दोन शंका माझ्या कानावर आल्या आहेत. पहिली, ती मुले आपल्या गावची आहेत का? पावतीपुस्तके मी स्वतः तपासली आहेत. पाच-दहा रुपयांच्या कितीतरी पावत्या भाडेकरूंच्या नावे आहेत. वर्गणी घेताना आपण कोणाला गाव विचारले नाही.

दुसरी शंका अधिक नाजूक आहे. बौद्ध व मुसलमान घरची मुले देवळात कशी येतील? संकोच होणारच, आणि तो त्यांच्या माथी मारू नये. म्हणूनच मी सभामंडप न मागता ओवरी मागतो. तिला रस्त्याकडून वेगळा दरवाजा आहे. कोणाला दर्शनाला ये म्हणू नये, कोणाला जात विचारू नये. हे देवस्थानाला शोभणार नाही असे ज्यांना वाटते त्यांनी गाडगेबाबांची आठवण ठेवावी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, ती विद्यार्थ्यांसाठीच.

देणगीदारांकडे आज नव्याने मोठी रक्कम मागत नाही. दर घरामागे महिन्याला एक वही आणि एक पेन्सिल, चिटणिसांकडे जमा करावी.

अर्ज व दाखल्यांसंबंधी ज्यांना विचारावयाचे असेल त्यांच्यासाठी दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी ओवरीत बसेन. त्याचे काही पैसे पडणार नाहीत. येताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा जुना दाखला घरात असेल तर तो घेऊन यावे. फाटका असला तरी चालेल.