उसने म्हातारपण

मोटारीच्या नक्षीदार चाकांना आपल्याकडे सर्रास 'मॅग व्हील' म्हणतात. गॅरेजवाला म्हणतो, सुटे भाग विकणारा म्हणतो आणि नवी गाडी घेतलेला तरुणही म्हणतो. मॅग म्हणजे मॅग्नेशियम. पण रस्त्यावरच्या गाड्यांची ती चाके बहुतेक अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. धातू निघून गेला, नाव मागे राहिले. शब्दांत जीव गुंतलेल्या माझ्यासारख्या माणसाला असे नाव भेटले, की त्याचा माग काढल्याशिवाय चैन पडत नाही.

हा माग जातो अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. दुसरे महायुद्ध संपल्यावर टेड हॅलिब्रँड यांनी तिथे शर्यतीच्या मोटारींसाठी मॅग्नेशियमची ओतीव चाके बनवायला सुरुवात केली. कारण साधे होते. एक घन सेंटिमीटर लोखंडाचे वजन 7.87 ग्रॅम, अॅल्युमिनियमचे 2.70 आणि मॅग्नेशियमचे अवघे 1.74 ग्रॅम. चाक जितके हलके, तितकी गाडी चपळ. 1950च्या दशकात इंडियानापोलिसच्या धावपट्टीवर ही चाके रुळली. जुन्या गाड्यांची मोडतोड करून त्या सुसाट पळवणाऱ्या हौशी पोरांनाही त्यांनी वेड लावले.

पण हा धातू मोठा हळवा. अॅल्युमिनियमवर हवेने जो थर बसतो तो घट्ट असतो, आतल्या धातूला चादरीसारखा जपतो. मॅग्नेशियमवरचा थर भुसभुशीत आणि सच्छिद्र असतो. दमट हवा, त्यातून मीठ लागले की धातू झिजू लागतो, त्यावर पांढरट भुकटी धरते, खड्डे पडतात. हे टाळण्यासाठी चाके कारखान्यातच डायक्रोमेटच्या उकळत्या द्रावणात बुडवत. त्याने त्यांना सोनेरी-तपकिरी रंग चढे. पुढे वर्षानुवर्षांच्या वापराने उंचवट्यांवरचा हा रंग उडून जाई, खाचाखोचांत मात्र तो टिकून राही. वर राखी, आत मधासारखा तपकिरी. जुन्या मॅग्नेशियमचे रूप म्हणतात ते हेच.

दुसरे भय आगीचे. शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत जळताना आपण सर्वांनी पाहिली आहे. डोळे दिपवणारा तो पांढरा उजेड विसरता येत नाही. जाड ओतीव चाक सहजासहजी पेटत नाही, पण एकदा पेटले की पाण्याने विझत नाही, उलट भडकते. 1955 साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत मर्सिडीजची एक गाडी प्रेक्षकांवर जाऊन कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या गाडीचा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूने मढवलेला होता आणि पाणी मारल्यावर आग अधिकच पेटली.

रोजच्या रस्त्यावर मग अॅल्युमिनियम आले. मॅग्नेशियम शर्यतींपुरते उरले. तिथे घडीव मॅग्नेशियमची चाके आजही आहेत. मात्र जुन्या गाड्या जतन करणाऱ्यांच्या मनातून ते राखी-सोनेरी रूप गेले नाही. 1940-50च्या दशकांतल्या गाडीला लखलखीत नवे चाक म्हणजे नऊवारी नेसलेल्या आजीच्या पायात पोरीबाळींचे बूट! मग अॅल्युमिनियमचे चाक घ्यायचे आणि त्याला जुन्या मॅग्नेशियमचे रूप द्यायचे, अशी एक कारागिरीच तिकडे उभी राहिली. माझा भाचा तिकडे मोटारी रंगवण्याच्या कामात आहे. फोनवर मी त्याला म्हटले, "अरे, लोक जुने लपवतात, तुम्ही नवे लपवता?" तो हसून म्हणाला, "मामू, नवे दिसणे सोपे आहे. जुने दिसायला अक्कल लागते."

त्याने सांगितलेली रीत अशी. आधी चाकावरचा पारदर्शक लाखेचा थर रसायनाने पूर्ण काढायचा. मग काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून चकाकी मारायची, म्हणजे पृष्ठभाग ओतीव दिसतो. काही जण सौम्य कॉस्टिकने धातू काळवंडवतात. ही गोष्ट आपल्या आयाबहिणींना नवी नाही. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात पाणी उकळत राहिले की आतून ते काळे पडते आणि चिंच घालून उकळले की उजळते. त्यातलेच हे रसायन. पण कॉस्टिकने कातडी भाजते, डोळा जाऊ शकतो आणि धातूशी गाठ पडताच पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. म्हणून जाणते कारागीर बहुधा रंगावरच भागवतात. सगळीकडे निस्तेज राखाडी, त्यावर तपकिरी-सोनेरी रंगाचा अगदी विरळ फवारा, मग उंचवट्यांवरून तो पुसून घ्यायचा, खाचांत राहू द्यायचा आणि शेवटी चकाकी नसलेला संरक्षक थर. सोनेरी रंग सगळीकडे सारखा बसला की सोंग उघडे पडते, कारण काळ कुणालाच सारखा झिजवत नाही.

धातूला काळे करून देखणे करण्याची कला आपल्या दख्खनलाही ठाऊक आहे. बिदरी कामात जस्ताच्या मिश्रधातूवर चांदीची नक्षी ठोकतात आणि बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या लेपाने भांडे काळे करतात. जस्त काळे होते, चांदी तशीच राहते. पण बिदरीची सुरई आपण अमुक वर्षांची आहोत असे सांगत नाही. तिचा काळेपणा हा तिचा स्वतःचा रंग आहे. हे चाक मात्र न जगलेले आयुष्य अंगावर घेऊन येते. मग ही फसवणूक म्हणायची का?

मला वाटते, ते चाक कुणाच्या हाती, काय सांगून जाते यावर अवलंबून आहे. नाटकात तरुण नट दाढी लावून म्हातारा होतो, तेव्हा त्याला कुणी लबाड म्हणत नाही. त्याच दाढीवर तो पेन्शन मागायला गेला तर मात्र गुन्हा. अस्सल जुन्या चाकांना संग्राहक मोठी किंमत मोजतात, त्यामुळे रंगवलेले चाक अस्सल म्हणून खपवण्याचा मोह होणारच. त्यावर जुना साधा उपाय आहे. आतल्या बाजूला, जिथे धातू उघडा असेल तिथे, व्हिनेगरचा एक थेंब टाकावा. मॅग्नेशियम असेल तर बुडबुडे येतात, अॅल्युमिनियम गप्प राहते. माणसाने खोटे सांगितले तरी धातू खोटे बोलत नाही.

दुसरी लबाडी त्याहून घातक. रंगाखाली तडा लपतो. तडा गेलेले चाक सुंदर म्हातारे दिसेल, पण वळणावर माणसाला खाईल. म्हणून रंग चढवण्याआधी चाक तपासून घ्यावे आणि ते भट्टीत फार तापवू नये. कारखान्यात ठरावीक उष्णता देऊन त्याला जी मजबुती आणलेली असते, ती जास्त तापवल्याने ढासळते.

या साऱ्यात एक गंमत मला फार आवडली. चाकांसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूत सुमारे सात टक्के सिलिकॉन असते आणि जेमतेम तिसरा हिस्सा टक्का मॅग्नेशियम. पण त्याला जी मजबुती येते ती या चिमूटभर मॅग्नेशियममुळेच. म्हणजे आपला गॅरेजवाला 'मॅग व्हील' म्हणतो तेव्हा तो अगदीच चुकत नाही. वरून चढवलेले मॅग्नेशियमचे रूप उसने असेल. आतला तो कण अस्सल आहे, दिसत नाही आणि सारा भार पेलतो.