आधी रेघ, मग माती, मग लाकूड
(मोर्शी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी मॅट्रिक झालेला, निवृत्त शाळामास्तर. वस्तूची रचना शिकविणाऱ्या नव्या विद्येवर मी बोलावे हे धाडसच होय. परंतु ती विद्या मी प्रथम पाहिली, ती वडिलांच्या पडवीत.

तान्ह्या पोळ्यासाठी त्यांनी मला चाकांचा लाकडी बैल करून दिला होता. वळणावर तो कलंडे. वडिलांनी फळीवर कोळशाने बैल समोरून व बाजूने रेखाटला, ओल्या मातीचा लहानसा नमुना केला, चाके दूर बसवून ढकलून पाहिला. तिसऱ्या खेपेस तो उभा राहिला, तेव्हाच त्यांनी सागाला पटाशी लाविली. माती पुन्हा मळता येते. साग एकदा कापला की कापला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले. रंग ओळखण्यात दोष निघाला, म्हणून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. त्याच हाताने पुढे लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होईल, या भयाने शेतकरी प्रथम तो घेईनात! वापरणाऱ्याच्या मनापर्यंत वस्तू पोचणे हाही रचनेचाच भाग.

पवईच्या आय. आय. टी. मध्ये हा विषय शिकविणारे केंद्र १९६९ साली स्थापन झाले. विद्यार्थी पुठ्ठ्याचे, मातीचे नमुने करितात आणि मोडितात. संगणकावरील आकृतीवरून प्लॅस्टिकचे थर चढवून काही तासांत नमुना देणारी यंत्रेही आता आहेत. तथापि मूठ टोचते की नाही, हे हातच सांगतो. तेथील पदवीच्या प्रवेशपरीक्षेस बारावीची कोणतीही शाखा चालते व तीत चित्र काढावे लागते, हे पालकांनी टिपून ठेवावे.

आता एक कबुली. माझा मुलगा वहीच्या मागील पानांवर चित्रे काढी. संत्रे ओढून तोडिले की देठाजवळची साल फाटते आणि फळ नासते. म्हणून त्याने बांबूच्या टोकास कातर व खाली जाळी काढिली होती. मी ती पाने फाडिली. "वाकस-रंध्यातून सुटावास म्हणून तुला शाळेत घातले," असे म्हणालो. तो कारकून झाला. नोकरी चांगली आहे; परंतु ती पाने मला अद्याप दिसतात. असे आपल्यापैकी पुष्कळांनी केले असेल.

बापाने सांगितलेल्या त्या आठवणीवरून नातीने यंदा तेच साधन केले. पहिल्याची कातर अडकली, दुसऱ्याची दोरी तुटली. तिसरे या टेबलावर ठेविले आहे. ज्यांच्या बागा आहेत त्यांनी सभेनंतर ते हाती घ्यावे आणि काय जमले नाही ते तिला स्पष्ट सांगावे. जाळी अजून तोकडी पडते, असे मला वाटते.