जुन्या पेपरात आपलं गाव कसं शोधायचं? चेरोकी, कापूस आणि बार्शीटाकळी

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

गाडीवर असाल तर आधी गाडी बाजूला लावा, मग ऐका. आजचा विषय जुन्या वर्तमानपत्रांचा आहे. लगेच पुढे ढकलू नका, कारण सुरुवात अमेरिकेतून होते आणि शेवट आपल्या अकोल्याजवळ.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात चेरोकी नावाच्या आदिवासींचा मोठा मुलूख होता. त्यांच्यातल्या सिक्वोया नावाच्या माणसाने 1821 च्या सुमारास आपल्या भाषेसाठी लिपी तयार केली. त्याला स्वतःला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हतं, हे लक्षात घ्या. सात वर्षांत, म्हणजे 21 फेब्रुवारी 1828 ला, 'चेरोकी फिनिक्स' हे वर्तमानपत्र निघालं. काही मजकूर चेरोकीत, काही इंग्रजीत. संपादक होते इलायस बुडिनॉट. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं 1832 मध्ये. म्हणजे हे त्याच्याही चार वर्षं आधीचं.

पण त्या मुलखात सोनं सापडलं, आणि कापसासाठी जमीन हवी होती. 1830 मध्ये अमेरिकेने आदिवासींना हलवण्याचा कायदा केला. 1832 मध्ये जॉर्जियाने चेरोकींची जमीन गोऱ्या लोकांना चक्क लॉटरी काढून वाटली. 1838-39 मध्ये सुमारे 16 हजार लोकांना शेकडो मैल पश्चिमेला हाकललं. वाटेत आणि छावण्यांमध्ये अंदाजे 4 हजार लोक मेले.

आज जॉर्जियातला एखादा पोरगा आपल्या गावाचा इतिहास शोधायला बसला, तर 'चेरोकी फिनिक्स'चे जुने अंक त्याला मोबाईलवर दिसतात. ज्यांना हाकललं त्यांनी हाकललं जाण्याआधी काय विचार केला, काय वाद घातले, कोणत्या अर्जावर सह्या केल्या, हे त्यांच्याच शब्दांत वाचता येतं.

आता म्हणाल, याचा बार्शीटाकळीशी काय संबंध बाप्पा? संबंध आहे. कापसाचा.

अमेरिकेच्या दक्षिणेत ज्या जमिनी आदिवासींकडून घेतल्या, त्यातल्या पुष्कळ ठिकाणी कापूस उभा राहिला. तो गुलामांकडून पिकवून घ्यायचे आणि इंग्लंडच्या गिरण्यांना पाठवायचे. 1861 ला तिथे यादवी युद्ध पेटलं आणि हा कापूस अडकला. मग इंग्लंडची नजर गेली ती वऱ्हाडावर. निजामाकडून 1853 च्या तहाने वऱ्हाड आधीच इंग्रजांच्या हातात आलं होतं. 1867 पर्यंत रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले, तिथल्या कापसाच्या रेल्वेफाट्यासाठी. एका कापूस बाजारासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून काय ते समजा.

बाजार आला की बातमी लागते. भाव काय, पाऊस किती, सरकारने नवं काय काढलं. 1867 मध्येच खंडेराव बाळाजी फडके यांनी अकोल्यात 'वऱ्हाड समाचार' सुरू केलं. पुढे अकोल्यात 'वैदर्भ', अमरावतीत 'प्रमोदसिंधु' निघालं. त्यानंतरच्या काळातही इथे पत्रं निघत राहिली. 1926 मध्ये पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत 'महाराष्ट्र केसरी' सुरू केलं, कारण शेतकऱ्याची बाजू मांडायला पेपर हवा होता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. त्यामागेही 'पुणे वैभव' या पत्रातलं लेखन होतं. पेपर वाचून भडकलेली वऱ्हाडी बाई, आणि त्यातून एवढं मोठं पुस्तक!

तर मग आपलं गाव या पेपरांत कसं शोधायचं? चार गोष्टी सांगतो.

पहिली, नाव. 'बार्शीटाकळी' एवढंच शोधाल तर फसाल. कुठे 'बार्शी टाकळी' असं तोडून लिहिलेलं असतं, कुठे 'बार्सीटाकळी', कुठे नुसतं 'टाकळी'. इंग्रजी कागदांत 'बार्सी टाकली' असं येतं, आणि सोलापूरकडची बार्शी मध्येच घुसते. टाकळ्या तर महाराष्ट्रात किती आहेत, मोजू नका. त्यामुळे जोडीला शेजारची नावं शोधा: पिंजर, महान, कान्हेरी. शिवाय तालुका बघा. आज बार्शीटाकळी स्वतंत्र तालुका आहे, पण जुन्या कागदांत ती अकोला तालुक्यात सापडेल.

दुसरी, मोठी बातमी सोडा आणि मागचं पान वाचा. जाहीर नोटीस, कोर्टाचा लिलाव, बाजारभाव, हरवलं-सापडलं. पहिल्या पानावर दिल्ली-मुंबई असते, गाव असतं ते नोटिशीत. कोणाचं शेत कर्जापायी लिलावात गेलं, चतुःसीमेला कोणाचं शेत होतं, कोणत्या नाल्याला काय नाव होतं, हे सगळं तिथे मिळतं. गावाचा जुना नकाशाच समजा.

तिसरी, पेपर सापडत नसेल तर सरकारने केलेला सारांश शोधा. इंग्रजांना भीती होती, देशी पत्रं काय लिहितात याची. म्हणून दर आठवड्याला देशी वर्तमानपत्रांचा इंग्रजी गोषवारा करून वर पाठवायचे. पाळत ठेवायला केलेलं काम आज आपल्या कामी येतं. बरेचदा मूळ अंक नाहीसा झाला, पण गोषवारा राहिला. फक्त एक लक्षात ठेवा, तो सरकारच्या कामाचं तेवढंच उचलतो.

चौथी, पेपर एकटा वाचू नका. सोबत गॅझेटियर ठेवा. आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेलं वऱ्हाडचं गॅझेटियर 1870 चं आहे. आणि गावातला दगडही वाचा. बार्शीटाकळीच्या कालिका देवीच्या देवळातला शिलालेख शके 1098 चा, म्हणजे इसवी सन 1176 चा आहे, आणि त्यात हेमाद्रिदेव या राजाचं नाव आहे. म्हणजे छापखाना यायच्या सात शतकं आधी या गावाने आपली नोंद दगडावर करून ठेवली.

आता खरा मुद्दा. चेरोकींकडे स्वतःचा पेपर होता. आपल्याकडे ज्यांची जमीन गेली, त्यांच्याकडे काय होतं?

वऱ्हाडात पऱ्हाटी वाढली ती कुठे वाढली? माळावर, गवताच्या रानावर, चराईवर. त्या गवतावर फासेपारधी जगायचे, फासे लावून तितर-हरण धरायचे. गवत गेलं, शिकार गेली, वर गुन्हेगार जमातींचा कायदा आला. 1871 ला उत्तर हिंदुस्थानातून सुरू झालेला तो कायदा नंतर इतर प्रांतांत पसरला आणि 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. या लोकांचं नाव पेपरात आलं, पण कोणत्या सदरात? चोरी, संशय, अटक. पोलीस ठाण्यातून आलेली बातमी, दुसरी बाजू कोरी. आज कुठे पारधी बेड्यावरून ई-क्लास जमिनीचं भांडण निघालं, तर बातमीत 'अतिक्रमण' हा शब्द पहिला येतो. आधी तिथे कोण होतं, हे विचारायला त्या चार ओळींत जागा नसते.

दुसरे कोरकू. गाविलगडचे डोंगर, मेळघाट हा त्यांचा मुलूख. 'कोरकू' या शब्दाचा अर्थच 'माणसं'. 1860 च्या दशकात इंग्रजांनी तिथलं सागवान राखीव करायला सुरुवात केली. पुढे 1973 चा व्याघ्रप्रकल्प आला, पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. 2000 नंतर बोरी, कोहा, कुंड अशी गावं उठून खाली अकोटकडे, आपल्या अकोला जिल्ह्यात आली. मागून आणखी गावं आली. जमीन, पाणी, रोजगार याबद्दलच्या तक्रारी साठत गेल्या. जानेवारी 2019 मध्ये पुनर्वसित लोक परत जंगलात गेले आणि वनखात्याच्या लोकांशी मोठा संघर्ष झाला. दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली.

वाघ वाचला पाहिजे यात वाद नाही. पण पन्नास वर्षांनी कोणी या घटनेचा इतिहास शोधेल, तेव्हा त्याला काय सापडेल? पेपरातली बातमी. म्हणून आजची एक बातमी घ्या आणि पेन घेऊन मोजा. अधिकाऱ्यांची किती वाक्यं आहेत? गावकऱ्यांची किती? बाईचं एक तरी आहे का? आकडा कोणी दिला? एवढं मोजलं की पेपर वाचायची नजरच बदलते. जुना पेपरही असाच मोजायचा.

आणि पेपर खोटा असतो असं मी म्हणत नाहीये हं. 1899-1900 च्या छप्पनच्या दुष्काळात वऱ्हाडची लोकसंख्या 1891 च्या 28 लाख 97 हजारांवरून 1901 मध्ये 27 लाख 54 हजारांवर आली. जनगणना हा आकडा देते. पण बाजारात ज्वारीचा भाव काय झाला, धान्य कुठून आलं, कोणी दान केलं, हे आठवड्या-आठवड्याने पेपरच सांगतो. तो साक्षीदार आहे. फक्त एकाच साक्षीदारावर निकाल द्यायचा नसतो.

मग आपण काय करायचं? गावच्या वाचनालयात जा. जुन्या फाईली वाळवीच्या तोंडी आहेत की रद्दीच्या यादीत आहेत, ते विचारा. ग्रंथपालाची परवानगी घ्या, मोबाईलने पानाचा फोटो काढा. पण नुसतं कात्रण नको; पेपरचं नाव, तारीख आणि पान क्रमांक त्याच फोटोत आला पाहिजे. तारीख नसलेलं कात्रण म्हणजे व्हॉट्सअॅपचा फॉरवर्ड. फ्लॅश बंद ठेवा, पान दाबून सपाट करू नका, कडा तुटतात.

आणि ज्यांचा पेपर कधी निघालाच नाही, त्यांच्याकडे जा. पारधी बेड्यावरची आजी असेल, अकोटकडे आलेला कोरकू आजोबा असेल. विचारा, 'आजी, तुमचं आधीचं गाव कोणतं? तिथं पाणी कुठून आणायचे?' त्यांची हरकत नसेल तरच रेकॉर्ड करा, आणि एक प्रत त्यांच्याच नातवाच्या फोनवर टाका. सिक्वोयाला लिपी तयार करावी लागली. तुमच्याकडे रेकॉर्डरचं बटन खिशातच आहे.

या आठवड्यात एवढं करा: तुमच्या गावाचं नाव कोणत्या जुन्या पेपरात, कोणत्या कारणाने आलं, ते एक तरी शोधा आणि आम्हाला पाठवा. तारखेसकट बरं का. भेटू पुढच्या भागात. तोवर, राम राम मंडळी!