पुसलेली चकती

एकमेकांवर घासणाऱ्या पृष्ठभागांचे घर्षण, त्यांची झीज आणि त्यांचे वंगण यांचा एकत्र विचार करणाऱ्या शास्त्राला ट्रायबॉलॉजी हे नाव ब्रिटनमधील पीटर जोस्ट यांच्या समितीच्या १९६६ सालच्या अहवालामुळे मिळाले, आणि त्याच वर्षी मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली, हा योगायोग या व्यासपीठावरून नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

अशा परिषदेच्या अध्यक्षाने विषयाचा आढावा घ्यावा अशी प्रथा असल्याने तो थोडक्यात असा. तंतुप्रबलित पॉलिमर संमिश्र म्हणजे नायलॉन, एपॉक्सी, पीक यांसारख्या प्लास्टिकमध्ये काचेचे, कार्बनचे किंवा अरॅमिडचे तंतू बसवून तयार केलेला पदार्थ होय. तंतू भार पेलतात, परंतु घासताना त्यांची तुटलेली टोके समोरच्या पोलादाला ओरखडतात आणि प्लास्टिक उष्णतेने मऊ पडते. म्हणून अशा संमिश्रात घन वंगणाची, म्हणजे तेलाविना घसरण सुलभ करणाऱ्या पदार्थाची भुकटी मिसळण्याची पद्धत आहे. ग्रॅफाइट आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांची घडण पत्त्यांच्या कॅटासारखी थराथरांची असून थर एकमेकांवरून सरकतात, तर रॉय प्लंकेट यांना १९३८ साली अवचित गवसलेल्या पीटीएफईचे रेणू लांब आणि गुळगुळीत असल्याने ते सहज ओढले जातात. निव्वळ पीटीएफई घसरते उत्तम पण झिजते भरमसाट. त्यात काचतंतू किंवा ब्राँझ घातले की झीज शेकडो पटींनी उतरते. पीकमध्ये कार्बन तंतू, ग्रॅफाइट आणि पीटीएफई वजनाने प्रत्येकी दहा टक्के घालण्याचे मिश्रण तर बेअरिंगसाठी सर्वत्र रूढ झाले आहे. आढावा येथेच थांबवणे भाग आहे, कारण जे म्हणावयाचे म्हणून अनेक वर्षे राहून गेले ते या टक्केवारीत सापडत नाही.

घन वंगण ज्या संमिश्रात घातले जाते त्यात ते फारसे काम करीतच नाही. ते काम करते समोरच्या पोलादावर जाऊन. घासता घासता वंगणाचा आणि प्लास्टिकचा अत्यंत पातळ लेप पोलादावर चढतो, त्याला स्थानांतरित पापुद्रा म्हणतात. हा पापुद्रा पातळ, सलग आणि घट्ट चिकटलेला असेल, तर पुढची सारी घसरण त्याच्यावरून होते आणि झीज मंदावते. तो जाड होऊन खपल्यांनी सुटत असेल, तर प्रत्येक खपलीची भरपाई संमिश्राला आपल्या अंगातून करावी लागते. आयोवा राज्य विद्यापीठात श्याम बहादुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की नेहमीच्या अर्थाने वंगण नसलेले कॉपर सल्फाइडही नायलॉनमध्ये घातल्यास झीज कमी होते, कारण त्याच्यामुळे पापुद्रा पोलादाला पक्का धरून राहतो. अर्थात भरीच्या द्रव्याची पारख पापुद्र्यावर व्हावयास हवी.

प्रयोगशाळेत प्रत्यक्षात काय होते ते पाहावे. फिरत्या पोलादी चकतीवर संमिश्राची पिन दाबून धरण्याची चाचणी सर्वपरिचित आहे. ठरलेले अंतर घासून झाले की पिन उचलून, पुसून मिलिग्रॅमच्या दशांशापर्यंत तोलली जाते; घटलेल्या वजनावरून काढलेल्या आकारमानाला भार आणि अंतर यांच्या गुणाकाराने भागून विशिष्ट झीजदर मांडला जातो. आणि चकती? पुढची पिन खोळंबलेली असल्याने चकतीवर ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फिरतो, बोळा काळपट होतो आणि केराच्या टोपलीत जातो. प्रयोगाचे उत्तर त्या बोळ्यावर असते. या दोषातून प्रस्तुत वक्त्याला स्वतःला वगळता येत नाही. उमेदीच्या पहिल्या अनेक वर्षांत त्याच्याही हातून शेकडो चकत्या अशाच पुसल्या गेल्या, आणि त्या काळचे त्याचे तक्ते आज उघडले तर त्यांत आकडे आहेत, कारणे नाहीत.

ग्रॅफाइट श्रेष्ठ की मॉलिब्डेनम डायसल्फाइड, हा वाद सकाळच्या सत्रातही रंगला. त्याचा निकाल एका जुन्या प्रसंगाने लागण्याजोगा आहे. औषधाची भुकटी कोरड्या नायट्रोजनमध्ये सुकवणाऱ्या एका यंत्रात कार्बन तंतू आणि ग्रॅफाइट घातलेली बुश बसवली होती. प्रयोगशाळेच्या हवेत तिचे आकडे उत्तम होते, यंत्रात मात्र तिची काही आठवड्यांत काळी पूड झाली. ग्रॅफाइट कमी पडले असे समजून त्याचे प्रमाण दुप्पट करण्यात आले, तेव्हा दुसरी बुश पहिलीच्याही आधी गेली. अखेर बुशऐवजी शाफ्टच मागवून टेबलावर ठेवण्यात आला, तर बुशच्या रुंदीएवढा पट्टा आरशासारखा लखलखीत होता. पापुद्र्याचा मागमूस नव्हता. ग्रॅफाइटचे थर सुखाने सरकण्यासाठी हवेतील बाष्प लागते, हे दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांतील विद्युतयंत्रांच्या कार्बन ब्रशांची भराभर पूड होऊ लागल्यावर ध्यानात आले होते आणि रॉबर्ट सॅव्हेज यांनी १९४८ साली त्याचा उलगडाही केला होता. तरीही तो धडा बुशच्या आराखड्यापर्यंत पोचला नव्हता. मॉलिब्डेनम डायसल्फाइड आणि पीटीएफई घालताच शाफ्टवर करडा पापुद्रा धरला आणि यंत्र चालू राहिले. उलट तेच मॉलिब्डेनम डायसल्फाइड कोकणच्या दमट हवेत नाखूश असते, तेथे त्याचे घर्षण वाढते. हवा सांगितल्यावाचून श्रेष्ठ कोण हा प्रश्न अर्धाच राहतो.

प्रमाण किती असावे, या दुसऱ्या वादाला वरील दुसऱ्या बुशनेच उत्तर दिले आहे. वंगणाची भुकटी प्लास्टिकला कमकुवत करते. खरखरीत पृष्ठभागावरील झीज ही पदार्थाची तुटण्याची ताकद आणि तुटेपर्यंतची लांबण यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असते, असे रॅटनर आणि लँकेस्टर यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र सांगते, आणि भरीने ही लांबणच घटते. वाळू, धूळ यांच्याशी गाठ असेल तेथे तंतू आणि वंगण दोन्ही अंगलट येऊ शकतात, हे दिल्लीच्या आयआयटीत जयश्री बिजवे यांच्या संशोधनातून पूर्वीच पुढे आले आहे.

पिनेच्या वजनावरील श्रद्धेविषयी एवढेच सांगणे पुरेसे आहे की, एका विद्यार्थ्याच्या जुलैतील वहीत नायलॉनच्या पिनेची झीज उणे निघाली होती. पिनेने हवेतून शोषलेले पाणी झिजलेल्या प्लास्टिकहून जड भरले होते. विद्यार्थी घाबरला; वजनकाटा मात्र अगदी बरोबर होता.

यापुढे पापुद्र्याची प्रतवारी करण्याची एखादी सोपी रीत बसवावी, चाचणीच्या वेळची आर्द्रता आणि चकतीचा खडबडीतपणा नोंदवण्याचा सर्वांना चालेल असा तक्ता करावा, मराठी परिभाषेचेही काही पाहावे, असे मनात आहे. त्यासाठी समिती नेमावी की नाही, हे कार्यकारिणीने ठरवावे. तूर्त तरुण संशोधकांना विनंती एवढीच की, उद्या प्रयोगशाळेत गेल्यावर ॲसिटोनची बाटली उघडण्यापूर्वी चकती एकदा भिंगाखाली धरावी आणि जे दिसेल ते पिनेच्या वजनाशेजारी लिहून ठेवावे.