दाणा निघाला, कृती राहिली

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणावरून)



टेक्ससमध्ये डिसेंबर आला की ऑफिसात कोणीतरी डझनाच्या हिशेबाने तमाले घेऊन येतं. कणसाच्या वाळलेल्या सालीत गुंडाळलेलं वाफाळतं मक्याचं पीठ आणि आत सारण. आपल्याला लगेच हळदीच्या पानातले पातोळे आठवतात. पण "मेक्सिकन पातोळे" म्हणून विषय संपवला, तर खरी गंमत हातची जाते.

हा शब्द नाहुआत्ल भाषेतल्या 'तमाल्ली'वरून आला. पदार्थ खूप जुना आहे. ग्वाटेमालात सान बार्तोलो इथे इ. स. पू. 100 च्या सुमाराचं माया भित्तिचित्र आहे, त्यात तमाल्यांची टोपली दिसते.

आणि प्रकार तरी किती! उत्तर मेक्सिकोत ते बारीक, कणसाच्या सालीतले. वाहाकात केळीच्या पानात, आत काळा मोले रस्सा. मिचोआकानमध्ये मक्याच्या ताटाचं लांब हिरवं पान दुमडून केलेले कोनाकोनांचे 'कोरुंदा', आणि कोवळ्या दाण्यांचे गोडसर 'उचेपो'. वास्तेका भागातला 'साकावील' तर भट्टीत भाजलेला, कधी कधी माणसाच्या उंचीचा, पंगतच बसवावी. युकातानमध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांसाठी 'मुक्बीपोयो' करतात, तो जमिनीत पुरून भाजतात. निकाराग्वात शनिवार-रविवारी कॉफीबरोबर 'नाकातमाल'. व्हेनेझुएलात नाताळची 'आयाका' करायला सगळं घर ओळीने बसतं, आपल्याकडे मोदक वळायला बसतं तसं. आणि इथे अमेरिकेत, मिसिसिपी डेल्टामधल्या कृष्णवर्णीय लोकांचे 'हॉट तमाले': वाफवलेले नाहीत, तिखट पाण्यात शिजवलेले, आणि बहुधा साध्या मक्याच्या पिठाचे.

हे "साधं पीठ" लक्षात ठेवा, कारण मेक्सिकोतलं पीठ साधं नसतं. तिथे मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात. सकाळी धुऊन साल काढतात आणि मग वाटतात. होय, चुनाच! आपण पानाला लावतो तोच. याला 'निष्तमाल' म्हणतात. चुन्यामुळे पीठ छान मिळून येतं, कॅल्शियम मिळतं आणि मक्यात अडकून पडलेलं नायसिन, म्हणजे ब-3 जीवनसत्त्व, अंगी लागतं.

1492 नंतर मक्याचा दाणा जहाजात बसून युरोपला गेला. चुन्याची कृती मात्र मागेच राहिली. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅम कॉपी झाला, मॅन्युअल नाही. परिणाम भयंकर झाले. 1735 मध्ये स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात डॉ. गास्पार कासाल यांना मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत कातडीचा एक विचित्र रोग दिसला. तोच पेलाग्रा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत त्याने हजारो माणसं गेली. लोक तो संसर्गजन्य समजत होते. 1914 पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी या रोगावर काम केलं आणि तो आहारातल्या उणिवेमुळे होतो हे दाखवून दिलं. ती उणीव नायसिनची, हे 1937 मध्ये कळलं. आणि उपाय मेक्सिकोतल्या बायकांच्या पाट्याशेजारच्या भांड्यात शेकडो वर्षं भिजत पडला होता! त्यांना जीवनसत्त्व ठाऊक नव्हतं. "आमच्यात असंच करतात" एवढंच ठाऊक होतं.

मंडळी, हे वाक्य आपणही लहानपणी ऐकलंय, आणि थोडं हसलोयसुद्धा. आपण परदेशी येताना बॅगेत मोदकाचा साचा आणतो. पण तांदळाच्या पिठीची उकड का काढायची, ती गरम असतानाच का मळायची, हे साचा सांगत नाही. ते आई आणि आजीच सांगणार. तेव्हा मुलांना नुसता मोदक वाढू नका, परातीशी बसवा. त्यांना "का?" विचारू द्या. उत्तर येत नसेल तर रविवारी आजीला फोन लावा.

आणि घरी तमाले करायचे असतील तर दुकानातून 'मासा हरिना' आणा. ते चुन्यात शिजवलेल्या मक्याचंच पीठ असतं. शाकाहारी मंडळींनी बाहेर खाताना मात्र आधी विचारावं, कारण गोड तमाल्यातसुद्धा डुकराची चरबी असू शकते. घरी तेल किंवा लोणी चालतं. सारणाला मिरची आणि चीज.